फिरकीचा फ आणि बँकेतले सतरा दिवस

त्या बँकेवरून गाडी नेताना आजही माझं डोकं तापतं. एका अक्षरासाठी पाच खेपा झाल्या. दुसऱ्या कोणाच्या होऊ नयेत म्हणून लिहितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात, जे जे वाईट ते घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यासोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे निघतात ना, त्यांच्या गळ्यातल्या पाट्या आमच्या वस्तीत माझा दोस्त लिहितो. लोक मिरवणूक सोडून पाटी वाचत उभे राहतात. त्याचं डोकं आणि माझा हिशेब, असं जमवून आम्ही वाढदिवसाला, निरोप समारंभाला द्यायच्या गमतीच्या भेटी विकायचं ठरवलं. एकात एक आठ खोकी, शेवटच्या खोक्यात फक्त चिठ्ठी: 'पार्टी तुझ्याकडून'. चिवड्याच्या डब्यातून उसळणारा स्प्रिंगचा साप. आणि वीतभर उंचीचा कागदी बडग्या, पाटीवर गिऱ्हाईक सांगेल ते. नाव ठेवलं 'फिरकी गिफ्ट्स'. किरकोळ माल इतवारीतून आणला. फर्म तूर्त माझ्या एकट्याच्या नावावर.

उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, आधार आणि ओटीपीवर घरबसल्या झाली. ती फुकट असते. पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, तीही ऑनलाइनच. कामाला थोडीच माणसं असतील तर नुसती सूचना द्यायची, पावती मिळते.

मग करंट अकाउंट. एकट्याच्या फर्मला धंद्याचे दोन पुरावे लागतात. दोन्ही घेऊन गेलो. मॅडमनी कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर पेनाचं टोक टेकवलं. "इथे एफ आहे, इथे पीएच. नाव जुळत नाही."

उद्यमचा फॉर्म मी भरला होता, एफने. गुमास्त्याचा सेंटरवाल्या पोराने, पीएचने. मराठीत दोन्हीकडे फिरकीच!

दोस्त म्हणाला, "मॅडम, फणस एफने लिहा का पीएचने, गरे तेवढेच निघतात." मॅडम खळखळून हसल्या आणि कागद परत दिले.

रांगेतल्या एकाने सांगितलं, प्रतिज्ञापत्र द्या, चालतं. ५०० चा स्टँप घेतला, दोन्ही नावं एकाच फर्मची आहेत असं लिहून नोटरी केली. दुसऱ्या खेपेला खुर्चीवर वेगळे साहेब. "हे आमच्याकडे चालत नाही." तिसऱ्या खेपेला मॅडम रजेवर, "उद्या या." अरे, मग आधीच एका कागदावर लिहून द्या ना काय काय लागतं ते! दर वेळी अर्धा दिवस जात होता, आणि इकडे पोळा तीन आठवड्यांवर आलेला. बडग्याचा धंदा पोळ्याआधी नाही झाला तर वर्षभर थांबा.

शेवटी उद्यमच्या साइटवर जाऊन नाव पीएचने करून टाकलं. ओटीपी आला, दहा मिनिटांत काम झालं, तेही फुकट. हे पहिल्याच दिवशी करायचं होतं. प्रतिज्ञापत्राच्या भानगडीत पडू नका, सोपा कागद दुरुस्त करा. त्याहून बरं म्हणजे नाव ठरवतानाच इंग्रजी स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि सगळे फॉर्म एकाच माणसाने भरा.

चौथ्या खेपेला 'व्यवसायाचे स्वरूप' अडलं. दोस्ताने तिथे 'लोकांना हसवणे' लिहिलं होतं. मी खोडून 'भेटवस्तूंची किरकोळ विक्री' लिहिलं. त्याला वाईट वाटलं, पण फॉर्म ही पाटी नव्हे. पाचव्या खेपेला सह्या. त्यानंतर बँकेचा माणूस दुकानाचा फोटो काढायला आला. बोर्ड आधीच लावून ठेवा आणि मराठीत लावा, तसा नियमच आहे.

हो, आणि खोक्यात संत्रा बर्फी ठेवायचा विचार आम्ही सोडला. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागते. रबरी पाल, साप घेताना आयएसआय मार्क पाहा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. जीएसटी आम्ही अजून घेतलेला नाही. राज्यातल्या राज्यात माल विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

सतराव्या दिवशी खातं उघडलं. त्याच संध्याकाळी पहिले १८० रुपये जमा झाले, एका बडग्याचे. गिऱ्हाइकाने पाटीवर लिहून मागितलं होतं: 'उद्या या म्हणणाऱ्याले घेऊन जाय गे मारबत!'