नंबर बरोबर होता, चष्मा चुकला होता

2016 चा उन्हाळा. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक अंगणवाडी सेविका आल्या. दोन्ही डोळ्यांना उणे 8 नंबर. दोन महिन्यांपूर्वी मीच तपासून चिठ्ठी दिली होती. नवा चष्मा त्यांनी पदराच्या टोकात गुंडाळून आणला होता.

"बाई, हा लावला का डोये ओढल्यावानी होतात, मंग डोकं दुखते. म्या त पेटीतच ठेवून देला."

पुन्हा तपासलं, नंबर तोच. काचेचा नंबर मोजायचं यंत्र असतं, लेन्सोमीटर, त्यावर चष्मा ठेवला, काचेतला नंबरही बरोबर. मग पट्टी घेऊन मोजलं. त्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला आम्ही पीडी म्हणतो, 60 मिलिमीटर होतं. काचांची केंद्रं मात्र एकमेकींपासून 70 मिलिमीटरवर. म्हणजे प्रत्येक डोळा केंद्राच्या अर्धा सेंटिमीटर आतून, नाकाच्या बाजूने, बघत होता. अशी काच प्रकाश बाजूला वळवते, ते आम्ही प्रिझममध्ये मोजतो. नंबराला त्या अर्ध्या सेंटिमीटरने गुणलं की प्रत्येक डोळ्यासमोर 4 प्रिझमचा ताण येतो, दोन्ही मिळून 8. एवढा ताण चांगला डोळाही दिवसभर सोसत नाही.

मी दुकानदारावर रागावले, पण तो राग टिकला नाही. चिठ्ठीवर पीडी मीच लिहिली नव्हती. आमच्या तालुक्यात तेव्हा काच कापली जात नव्हती. फ्रेम आणि नंबर पार्सलने शहरात जायचे, आठ-दहा दिवसांनी चष्मा यायचा, आणि त्या डोळ्यांना कारागिराने कधी पाहिलेलंच नसायचं. सेवाग्रामला डोळ्यांचं शिक्षण घेताना मी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकले, काचबिंदू शिकले. पण चिठ्ठी लिहून झाल्यावर पुढे काय होतं, तिकडे माझं लक्षच नव्हतं. आमची चष्मे बनवायची कार्यशाळा त्या चष्म्यामुळे उभी राहिली.

डॉक्टरने चष्म्याच्या धंद्यात पडावं का, या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप नव्हती. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारनियमावली सांगते, की डॉक्टरने वैद्यकीय साधनं विकण्याचं खुलं दुकान चालवू नये. आपल्या रुग्णाला साधन पुरवणं गैर नाही, पण त्यात त्याची पिळवणूक होता कामा नये. ते कलम मी किती वेळा वाचलं असेल! शेवटी ठरलं, की दुकान काढायचं नाही. माझ्या रुग्णांपैकी ज्याला हवा त्याला चष्मा करून द्यायचा आणि एरवी आजूबाजूच्या चष्मेवाल्यांचं फिटिंगचं काम घ्यायचं. माझे दीर ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारे, नागपूरला नोकरीत होते. ते परत आले. मुद्रा योजनेच्या किशोर गटातून 5 लाखांचं कर्ज काढलं, काच घासायचं यंत्र आणलं आणि लाइट जाते म्हणून त्याला मोठा इन्व्हर्टर जोडला.

पहिली दोन वर्षं हप्ता दवाखान्याच्या कमाईतून गेला. त्या काळातली एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे, कारण दोन्ही कामं करू पाहणारे तरुण डॉक्टर मला तेच विचारतात. हप्त्याची तारीख जवळ आली की पाव नंबरसुद्धा मोठा वाटू लागतो. समोरच्याची काही तक्रार नसते, पण हात चिठ्ठीकडे जातो. एका संध्याकाळी माझा हात तसा गेला आणि मी घाबरले. दुसऱ्या दिवशी भाऊजींना सांगितलं, रोजची विक्री मला दाखवायची नाही. आजही मी हिशेबाला महिन्यातून एकच रविवार बसते. तक्रार नसेल तर पाव नंबराचा चष्मा लिहीत नाही. वह्या वेगळ्या, बँकेची खाती वेगळी. करही वेगळाच: तपासणीवर जीएसटी नाही, चष्म्यावर आहे, आधी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5.

चूक माझ्याकडूनही झाली. एका शिंप्याच्या चिठ्ठीत सिलिंडरचा अक्ष, म्हणजे आडव्या-तिरप्या नंबराची अंशातली दिशा, 180 च्या जागी मी 18 लिहिला. कार्यशाळेतल्या मुलीने लिहिलं तसंच अगदी नीट कापलं. ते म्हणाले, "जमीन तिरपी दिसते, कापड सरळ कापताच येत नाही." त्यांचे चार दिवस बुडाले. चष्मा बदलून दिला, बुडालेली मजुरी दिली. तेव्हापासून अक्ष आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहिते. काच ज्याने कापली त्याने ती तपासायची नाही, हा नियमही तेव्हाचाच.

पीडी मात्र कार्यशाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीवर लिहिते. भाऊजींना ते पटत नव्हतं. "वहिनी, मोजमाप आपण करायचं आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कितीतरी जण चिठ्ठी घेऊन बाहेर गेले. पण नंबर रुग्णाचा, डोळे रुग्णाचे, मग माप माझं कसं? पुढे झालं असं, की आर्णी आणि पांढरकवड्याच्या चष्मेवाल्यांनी ती मापं पाहिली आणि स्वतःचीच कामं आमच्याकडे पाठवू लागले. आज निम्म्याहून जास्त काम त्यांचं आहे. लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेले केटी आणि डी बायफोकल, अर्ध्या कडेच्या सुप्रा फ्रेमची काच धरणारी दोरी, सगळं इथेच होतं. चार मुली काम करतात, चौघीही इथल्याच.

माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचं काम जवळच्या नंबराचं. वाचायचा तक्ता हातात धरून नंबर काढला तर तो साधारण 40 सेंटिमीटरचा येतो. आमच्या बायका तक्ता वाचत नाहीत. त्या मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडतात, वाकून कापूस वेचतात. नजरेपासून काम अर्धा मीटर लांब. तिथे अडीचऐवजी दोनचा नंबर साफ दिसतो. म्हणून मी दवाखान्यात एक सूप ठेवलं आहे आणि टेप. बाई मांडी घालून बसते, खडे वेचते, मी अंतर मोजते.

गेल्या सप्टेंबरमध्ये एका आजीने असंच सूप घेतलं, काच बदलून दिली तशी सगळे खडे एका कडेला केले, मग तळहातावर एक दाणा घेऊन उलटसुलट पाहिला.

"हा त किडका हाय," त्या म्हणाल्या. कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, सीतादही, तोंडावर आली होती. मग सूप माझ्याकडे देत उठल्या. "सीतादही व्हाच्या आंधी देजा चष्मा, बाई."