तुम्ही विचारलंत म्हणून: चार वर्षांचं पोर जंगलात किती चालेल?

सपाट वाटेवर तासाला जेमतेम एक किलोमीटर. तेही वाटेत काही सापडलं नाही तर. त्यामुळे जाऊन-येऊन दीड-दोन किलोमीटरच्या वर आखूच नका. धबधबा किंवा माथा गाठायचाच असं ठरवलं की मोठी माणसं सारखी "चल, चल" करतात आणि येताना पोर खांद्यावर बसतं. भीमाशंकरला गेलात तरी "शेकरू दाखवतो" असं कबूल करू नका. ते झाडाच्या शेंड्यावर असतं आणि आपल्या सवडीने दिसतं. त्यापेक्षा दोनशे पावलांवरची एक जागा धरा आणि तासभर तिथेच बसा.

जागा म्हणजे पावसाचं पाणी न पोचणारी कातळाची कपार. दिवाळीनंतर तिच्या बुडाशी पिठासारख्या धुळीत रुपयाएवढे, नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. हा मुंगीसिंह नावाच्या कीटकाच्या अळीचा मुंग्या पकडायचा सापळा. मुलाला उकिडवं बसवा, हातात गवताची काडी द्या आणि कडेवरचे दोन-चारच कण खाली ढकलू द्या. मुंगी घसरली असं वाटून अळी तळातून धूळ उडवते. मूठभर माती टाकली की खेळ संपला; खड्डा बुजतो आणि अळी गप्प बसते. आता चमच्याने खड्ड्याखालची बोटभर खोल धूळ ताटलीत घ्या आणि हळूच फुंका. करड्या रंगाचा, मुगाच्या दाण्याएवढा जीव उरतो. मिनिटभर मेल्याचं सोंग करतो, मग उलटा चालू लागतो. ही अळी पंख फुटेपर्यंत शी करत नाही, हेही सांगा. या वयाच्या श्रोत्यांना याहून मोठी बातमी नसते. पाहून झालं की तिला त्याच धुळीत सोडायचं.

उजाडता निघा, दहाच्या आत परत या. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, हे निघण्याआधी लक्षात घ्या. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट, पँट मोज्यांत खोचलेली. दर मुलामागे अर्धा लिटर पाणी. खाऊला राजगिऱ्याची वडी चालेल, अख्खे शेंगदाणे नकोत. पळता पळता दाणा श्वासनलिकेत अडकतो. गळ्यात शिट्टी हवी आणि तिचा नियम घरीच घोटून घ्या: चुकलास तर झाडाला धरून उभा राहा, तीनदा वाजव, शोधायला फिरू नकोस. पानांच्या ढिगात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही, कारण घोणस आणि फुरसं तिथेच पडून असतात. वर आग्यामोहोळ दिसलं तर गप्प मागे फिरा.

सगळ्यात जास्त फसवते ती खाजकुयली. थंडी सरताना तिच्या शेंगा वाळतात आणि तपकिरी मखमलीसारख्या दिसतात, म्हणून मुलं हात लावतातच. चोळलं की कुसं आणखी आत रुततात आणि पसरतात. तेव्हा आधी चिकटपट्टी दाबून ओढा, दोन-तीनदा नव्या पट्टीने, आणि मगच साबण-पाणी. पट्टीचं रीळ म्हणूनच पिशवीत वरच ठेवा.

घरी आल्यावर अंघोळीआधी कानामागे, काखेत आणि कमरेच्या नाडीखाली गोचीड बघा. सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल लावू नका.