केळीच्या पानावरचा भात आणि सव्विसावी रांग

निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस मी एका स्वस्त विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील एकच छायाचित्र पुन्हा पुन्हा पाहत होतो. केळीच्या पानावर नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताची मूद, कडेला लालभडक सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी, तळलेले शेंगदाणे, अर्धे उकडलेले अंडे आणि काकडीच्या चकत्या, असे ते नासी लेमाक होते. रस्त्याकडेची चव आता विमानातही मिळेल, अशा अर्थाची एक ओळ त्याखाली होती. मुंबई ते क्वालालंपूर हा साधारण पाच तासांचा प्रवास, तोही मध्यरात्रीनंतरचा. आमच्या तिकिटात जेवण धरलेले नव्हते आणि ‘वर गेल्यावर घेऊ’ एवढ्याच भरवशावर मी ७१ वर्षांच्या आईला घेऊन विमानात चढलो. हीच या प्रवासातील मोठी चूक ठरली.

आमची जागा २६व्या रांगेत होती. खाद्यपदार्थांची ढकलगाडी पुढून मागे येते, आगाऊ नोंदणी केलेल्यांना त्यांचे डबे आधी मिळतात आणि उरलेले थोडे डबे बाकीच्यांना विकले जातात, हे मला माहीत नव्हते. गाडी आमच्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला, आणि तोवर नासी लेमाक संपले होते, बिर्याणी संपली होती, शाकाहारी म्हणून जे काही असेल तेही संपले होते. शिल्लक होत्या कपातल्या झटपट शेवया, त्याही कोंबडीच्या चवीच्या, आणि आई शाकाहारी आहे. मी एक कप शेवया, दोन तेह तारिक (मलेशियाचा दुधाचा चहा), शेंगदाण्यांची एक पुडी आणि पाण्याची एक बाटली घेतली. पाणीही विकतच असते, हे लक्षात ठेवावे.

आता हिशोब सांगतो, कारण तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. छापील दरांप्रमाणे एकूण ४० रिंगिट (मलेशियाचे चलन) झाले. त्या आठवड्यात एक रिंगिट २० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे माल ८०० रुपयांचा. रुपये चालतील असे कर्मचाऱ्याने सांगितले, पण दर लावला तो २७चा, त्यामुळे बिल १,०८० रुपयांवर गेले. मी पाचशेच्या तीन नोटा दिल्या. सुटे नाहीत, नंतर आणून देतो, असे उत्तर मिळाले, दिवे मालवले गेले आणि क्वालालंपूरला चाके टेकण्याच्या अर्धा तास आधी मी दोनदा घंटी वाजवल्यावर ४२० रुपयांच्या बदल्यात माझ्या हातावर १५ रिंगिट ठेवण्यात आले, कारण परत देतानाही दर २७चाच होता. खऱ्या दराने ते ३०० रुपये होतात. थोडक्यात, ८०० रुपयांच्या शेवया-चहाला मी १,२०० रुपये मोजले आणि जाता-येता दोन्हीकडून कापला गेलो. मागून येणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: विमानात भारतीय नोटा बाहेर काढू नका. शंभरेक रिंगिट सुटे करून जवळ ठेवा, किंवा कार्ड द्या आणि यंत्राने रुपये की रिंगिट असे विचारले तर रिंगिट निवडा. सर्वांत शहाणपणाचे म्हणजे जेवण किमान २४ तास आधी संकेतस्थळावरून नोंदवा. ते स्वस्त पडते आणि डब्यावर तुमचा आसन क्रमांक असतो, त्यामुळे २६वी रांगही चालते.

आईने घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. तिने डबा उघडताच बाहेरचे अन्न खाण्यास परवानगी नाही, असे नम्रपणे सांगण्यात आले. स्वस्त कंपन्यांच्या अटींत हे बहुतेकदा लिहिलेले असते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. आईने डबा मिटला, माझ्याकडे झुकून म्हणाली, “अरे, दिवे मालवले की कोण बघतंय?” आणि खरोखरच अंधारात तिने दोन दशम्या संपवल्या. चटणीचा वास मात्र तीन रांगा पुढे गेला असावा, कारण एक गृहस्थ मागे वळून वळून पाहत होते.

तेह तारिकबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मलेशियातील मामाक, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या उपाहारगृहांत हा चहा एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून पुन्हा पुन्हा ओततात. त्यामुळे कढत चहा पिण्याजोगा होतो, कंडेन्स्ड दूध एकजीव होते आणि वर बोटभर फेस येतो. ‘तारिक’ म्हणजे ओढलेला, आणि हे ओढणेच त्याचा प्राण आहे. विमानात मला जे मिळाले ते एका पुडीतील भुकटी, कागदी कपातील गरम पाणी आणि ढवळायला एक लाकडी पट्टी, एवढेच. फेस नव्हता, तळाशी न विरघळलेली साखर होती. यात दोष केवळ पुडीचा नाही. उडत्या विमानातील हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. म्हणजे आपण १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच बसून चहा पीत असतो, आणि तिथे पाणी ९२ ते ९४ अंशांनाच उकळते. चहाच्या पानाला हे पाणी अपुरे पडते. शिवाय विमानातील हवा वाळवंटासारखी कोरडी असते आणि नाक सुकले की वास कमी होतो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०१० साली लुफ्तान्सासाठी प्रयोग केले, तेव्हा अशा दाबात आणि कोरडेपणात मीठ व साखर या दोन्हींची चव चांगलीच मंदावते, असे आढळले. २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी इंजिनासारख्या मोठ्या आवाजात गोडाची जाणीव घटते आणि उमामी, म्हणजे आंबवलेल्या व वाळवलेल्या पदार्थांतील ती भरदार चव, उलट वाढते, असे दाखवले. टोमॅटोतही उमामी भरपूर असते; वर गेल्यावर टोमॅटोचा रस मागणाऱ्यांची गर्दी का होते, हे त्यावरून कळते.

मी या साऱ्याचा उपयोग पुढच्या उड्डाणासाठी जेवण निवडताना केला, आणि तुम्हीही करावा. विमानात चूल नसते, तळणी नसते. जमिनीवरच्या स्वयंपाकघरात अन्न शिजवून झपाट्याने गार करतात आणि वर फक्त भट्टीत गरम करतात. त्यामुळे कढईत भडक आचेवर परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, म्हणजे ‘चार क्वे तियाओ’, घेऊच नका. त्या नूडल्सचा जीव धुरकट वासात असतो, तो पुन्हा गरम करून येत नाही आणि हाती लागतो तो चिकट लगदा. रोती चनाई, म्हणजे तिथला पदर सुटलेला पराठा, रबरासारखी होते, तळलेली कोंबडी ओलसर होते. याउलट ज्यात नारळाचे दूध, मसाला आणि आंबवलेले काही आहे, ते तगते. नासी लेमाक त्यामुळेच बरे लागते. भात म्हणजे बिनगुळाचा नारळीभात, त्याला पांदानच्या पानाचा वास, आणि हा वास आंबेमोहोराशी इतका जवळचा आहे की कोणाही मराठी माणसाला तो ओळखीचा वाटेल. सांबाल म्हणजे जवळ्याच्या चटणीचे मलय भावंड, कारण त्यात बेलाचान हा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, आणि शेजारी इकान बिलिस नावाची वाळवलेली बारीक मासळी असते, आपल्या सुक्या मांदेलीसारखी. शाकाहाऱ्यांनी म्हणून ‘भात आणि चटणी तर आहे’ अशा समजुतीत राहू नये. लाक्सा या रश्श्यातल्या नूडल्सवरही भरवसा ठेवू नये, तिच्या रश्श्यात बहुधा सुकी कोळंबी वाटलेली असते.

मलेशियाच्या पिनांग बेटावरील चार दिवस उत्तम गेले, आईला आंबट फळांचे सरबत फार आवडले, त्याहून सांगण्यासारखे काही नाही.

पिनांगहून सिंगापूरला जाताना मात्र मी शहाणा झालो होतो. रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेले मसालेदार मांस, आधीच नोंदवले होते, तेही कोंबडीचे. मूळचे ते पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ लोकांचे आणि बहुधा गोमांसाचे असते, म्हणून नोंदवताना नाव नीट वाचावे. जेमतेम दीड तासाचे उड्डाण, पण डब्यावर माझा आसन क्रमांक होता आणि झाकण काढताच गवती चहाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. नारळाचे दूध आटेपर्यंत मंद आचेवर शिजवलेला हा पदार्थ दुसऱ्यांदा गरम केल्यावर अधिकच मुरतो. मी अॅल्युमिनियमचा डबा बोटाने पुसून खाल्ला. विमानात याहून चांगले काही मिळत नाही, असे मी त्या वेळी आईला सांगितले, आणि आजही माझे मत तेच आहे. उत्साहात लिहितो आहे हे मान्य, पण त्या डब्याची किंमत खिडकीपाशीच्या आसनासाठी मोजाव्या लागणाऱ्या पैशांइतकीही नव्हती.

परतीचे सिंगापूर ते मुंबई हे उड्डाण जेवणासह असलेल्या कंपनीचे होते, आणि तिथे साते मिळणार अशी माझी खात्री होती, कारण एका मित्राने काड्यांवर भाजलेल्या मांसाचे, शेंगदाण्यांच्या रश्श्यासह, छायाचित्र पाठवले होते. नंतर कळले की त्या भागातील मोठ्या कंपन्यांचे ते प्रसिद्ध साते बिझनेस आणि त्यावरच्या वर्गांसाठी असते, आमच्या वर्गात नाही. चूक माझीच. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला, म्हणजे तिथल्या खाद्य-ठेल्यांच्या परंपरेला, २०२० साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले आहे, तिथले खायचे असेल तर विमानात चढण्यापूर्वी खा. सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये ‘सिंगापूर फूड स्ट्रीट’ आहे. पण पहिल्या तीन टर्मिनलांमध्ये सुरक्षा तपासणी गेटवरच होते, त्यामुळे रश्शाचा डबा आणि पाण्याची बाटली त्याआधीच संपवा, आणि सांबाल किंवा काया (नारळ-अंड्याचा गोड मुरंबा) यांच्या १०० मिलिलिटरहून मोठ्या बरण्या चेक-इन सामानात टाका.

आईसाठी मी ‘हिंदू मील’ नोंदवले होते. हिंदू म्हणजे शाकाहारी, हे मी गृहीत धरले. झाकण उघडले तर आत मासा होता. या नोंदीचा अर्थ केवळ गोमांस नसलेले जेवण असा असतो. शाकाहारी जेवण हवे असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ म्हणजे एव्हीएमएल, आणि कांदा-लसूणही नको असेल तर जैन जेवणाची व्हीजेएमएल ही नोंद करावी, तीही निदान एक दिवस आधी. आईने पाव आणि कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या, मासा माझ्याकडे सरकवला आणि पिशवी चाचपून पाहिली. दशम्या पिनांगमध्येच संपल्या होत्या.