नावं ठेवण्याची कला

खानदेशात पंगत उठली आणि कुणी नाव ठेवलं नाही, असं होत नाही. वरण-बट्टीचा बेत असतो, घोटलेली वांग्याची भाजी असते, वाढपी तुपाची धार सोडत फिरत असतात, आणि चौथी बट्टी कुस्करता कुस्करता एखादे काका म्हणतातच, "वरण यंदा जरा पातळच झालं." आचारी ते मनावर घेत नाही. हेच काका सकाळपासून चुलीपाशी बसून वांगी चिरत होते, हे त्यानं पाहिलेलं असतं.

मी जळगावात बसून फ्रंटएंडचं काम करतो. वेबसाइटचा जो भाग लोकांना दिसतो, म्हणजे बटणं, फॉर्म, मेनू, तो बांधतो. बांधतो कसला, लोकांनी आधीच लिहून सगळ्यांसाठी खुले केलेले कोडचे तयार भाग जुळवतो. बूटस्ट्रॅप २०११ साली ट्विटरमधून बाहेर आलं, रिअ‍ॅक्ट २०१३ साली फेसबुकनं खुलं केलं, व्ह्यू तर इव्हान यू या एकट्या माणसानं सुरू केलं. नवा प्रोजेक्ट उघडायचा, एनपीएम इन्स्टॉल मारायचं, म्हणजे एनपीएम नावाच्या ऑनलाइन कोठारातून तयार कोड मागवायचा, आणि चहा ठेवायला जायचं. परत येईपर्यंत नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये शेकडो पॅकेजं, म्हणजे कोडची पुडकी, येऊन पडलेली असतात. त्यातली बहुतेक कुणी लिहिली, कोणत्या देशात बसून लिहिली, मला माहीत नसतं. पैसे द्यावे लागत नाहीत, ओळख दाखवावी लागत नाही.

हे मी एकदा अमळनेरच्या मामांना समजावायला गेलो. विप्रो ही कंपनी १९४५ साली अमळनेरात वनस्पती तेलाच्या कारखान्यातून उभी राहिली. त्यामुळे तिथल्या जुन्या माणसांना कंपनी म्हटली की आधी विप्रोचा शेअर आठवतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला, "मंग त्यासले काय भेटस?"

या प्रश्नाचं धड उत्तर अजून कुणाकडेच नाही. कोअर-जेएस नावाची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. जुन्या ब्राउझरना नवं जावास्क्रिप्ट समजावं म्हणून ती लागते, आणि जगातल्या असंख्य वेबसाइटी तिच्यावर चालतात. ती वर्षानुवर्षं मुख्यतः एकच रशियन प्रोग्रामर सांभाळत आलाय. लायब्ररी इन्स्टॉल करताना काळ्या पडद्यावर त्याचा छोटासा निरोप उमटायचा: काम आवडलं तर मदत करा, आणि हो, मी चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. त्यावर लोकांनी त्याला शिव्या घातल्या. का, तर आमच्या पडद्यावर जाहिरात कशाला. फुकट जेवणाऱ्यानं आचाऱ्याला सांगावं, की तू हात पसरलास म्हणून माझी भूक मेली!

लेफ्ट-पॅडची गोष्ट तर आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारा ११ ओळींचा कोड. मार्च २०१६ मध्ये पॅकेजच्या नावावरून त्याच्या लेखकाचा एनपीएमशी वाद झाला आणि त्यानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्या ११ ओळींवर टेकलेली मोठमोठी कामं जगभर अडली. शेवटी एनपीएमनं लेखकाला न विचारता ते पॅकेज परत जागेवर ठेवलं. यात चूक कुणाची यावर लोक अजून भांडतात. मला विचाराल तर माणूस हट्टी होता, पण कोड त्याचा होता.

अशा फुकट कोडच्या लायसन्समध्ये सगळं आधीच लिहिलेलं असतं. एमआयटी लायसन्स जेमतेम अर्ध्या पानाचं आहे: वापरा, बदला, विका, आमचं नाव तेवढं राहू द्या, आणि हे जसं आहे तसं आहे, हमी कसलीच नाही. हे कुणी वाचत नाही. मग हा कोड जिथे ठेवलेला असतो त्या गिटहबवर इश्यू, म्हणजे तक्रार, पडते, "चालत नाही. ताबडतोब दुरुस्त करा. आमचं उद्या लाँच आहे." कोणती आवृत्ती, कोणता ब्राउझर, काय केल्यावर चालत नाही, यातलं काही नाही. तुमचं लाँच उद्या आहे यात त्या नॉर्वेतल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाचा काय दोष?

नीट नाव ठेवणं हे मात्र कष्टाचं काम आहे. आधी कुणी हेच विचारलंय का ते शोधायचं. मग आपल्या भल्यामोठ्या अ‍ॅपमधून एकेक गोष्ट काढत जायची: लॉगिन काढलं, अजून बिघडतंय. थीम काढली, अजून बिघडतंय. असं करत करत फक्त दहा-बारा ओळी उरतात आणि तरीही ते बिघडतं, तेव्हा तुमची तक्रार तयार झाली. यातली गंमत अशी की अर्ध्या वेळा बिघाड आपल्याच घरातला निघतो आणि इश्यू लिहावाच लागत नाही.

आणि काही तक्रारी अशा असतात की त्या आपणच कराव्या लागतात. इथल्या एका जिनिंगसाठी हजेरीचं अ‍ॅप करत होतो. कामगारांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे गोल चकती, चकतीत आद्याक्षरं. अशा चकतीचा तयार कम्पोनंट, म्हणजे पडद्याचा सुटा भाग, घेतला, इंग्रजी नावांवर झकास चालला. मराठी नावं भरली आणि ज्ञानेश्वर पाटलांच्या चकतीत आलं "जप". हिरामण आणि हेमंत दोघेही नुसते "ह" झाले. श्रावणचा "श". मुकादमानं यादी पाहिली आणि विचारलं, "हे जपवाले बाबा कोण आले नवीन?"

कारण साधं आहे. संगणकाच्या लेखी ज्ञा हे एक अक्षर नाही. ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार चिन्हं आहेत. "स्त्री" या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टला विचारा, ६ सांगतं. कम्पोनंट लिहिणाऱ्यानं पहिलं चिन्ह उचललं. त्याच्या शेजारीपाजारी कुणी ज्ञानेश्वर राहत नसणार, त्याला कळावं कसं? यावर योग्य उपाय म्हणजे अक्षरं तोडण्याचं काम ब्राउझरच्या इंटल सेगमेंटरला देणं. पण तिथेही जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं. देवनागरी, बंगाली, मल्याळम अशा लिप्यांतलं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या मानकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. म्हणजे कुठेतरी कुणीतरी चिकाटीनं नावं ठेवत बसलं होतं, म्हणून पाटलांचं "ज्ञापा" झालं.

मी त्या कम्पोनंटच्या इश्यूत दोन चकत्यांची चित्रं टाकली, आत्ता काय दिसतं आणि काय दिसायला हवं. खाली एका बंगाली माणसानं आपली चकती जोडली, मग एका मल्याळीनं. आम्ही तिघं एकमेकांना कधी भेटलेलो नाही, भेटणारही नाही, पण आमचं दुखणं एक होतं.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर मला असं आपलेपण कधी वाटलं नाही. उत्तरं तिथे सोन्यासारखी मिळतात, प्रश्न मात्र विचारावा तर आधी वकील करावा लागेल असं वाटतं. नवख्यांना इथे परकं वाटतं, हे २०१८ साली त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केलं. आता मुलं एआयला विचारतात, तो कधी वैतागत नाही. चुकतो, पण वैतागत नाही.

उलट टोकही आहे. एक्सप्रेस या नावाजलेल्या खुल्या प्रकल्पाच्या रीडमी नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्यांचा, पाऊस पडला होता. एका व्हिडिओत सरावासाठी तसं करून दाखवलं होतं आणि आपल्याकडच्या पोरांनी खरोखरच्या प्रकल्पावर सराव केला. सांभाळणारे बिचारे एकेक बंद करत बसले. काँट्रिब्यूशन म्हणजे गिटहबच्या प्रोफाइलवरचा हिरवा चौकोन, एवढंच कुणी शिकवलं असेल तर आणखी काय होणार?

परवा धुळ्याच्या एका पोरानं मला स्क्रीनशॉट पाठवला. कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आडनाव सूर्यवंशी. बटणावर आडनाव लिहिलं की य वरचा रफार अर्धा छाटला जातो. लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे ओळीची उंची अक्षराएवढीच आणि बाहेर जाईल ते झाकायचं, दुसरं काय. इंग्रजीत वर काही नसतंच छाटायला. म्हटलं, मला काय पाठवतोस, बटण ज्यांचं आहे तिथे इश्यू टाक. तर म्हणे, दादा, माझं इंग्रजी कच्चं आहे. म्हटलं, छाटलेला रफार दाखवायला किती इंग्रजी लागतं? चित्र टाक, आवृत्ती लिही, ब्राउझर लिही.

त्यानं टाकलं. दोन ओळी आणि एक चित्र. तिकडून उत्तर आलं: छान पकडलंस, याची दुरुस्ती आणि ती तपासणारी एक टेस्ट लिहून पाठवतोस का? तेव्हापासून टेस्ट कशी लिहायची हे विचारायला रोज रात्री जेवणं झाली की त्याचा फोन येतो.