आयकॉनवरून नाही, काळ्या विंडोतून येतंय

आमच्या कोल्हापूर भागात गावच्या दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. ते बिल लेझर प्रिंटरवर काढून चालत नाही हे आधी सांगतो, कारण बिल छापून येईना या सगळ्या प्रकरणात बऱ्याच जणांनी ताईंना "लेझर घ्या" असंच सांगितलं. बिल दोन प्रतींचं असतं, वरची सभासदाला आणि खालची कार्बनवाली संस्थेच्या फाईलला. लेझर कागदावर ठोका मारत नाही, त्यामुळे खाली काहीच उमटत नाही. त्याला ठोकणारा डॉट मॅट्रिक्सच लागतो, भोकाचा कागद ओढणारा, कर्रकर्र आवाज करणारा. लोकांना तो भंगार वाटतो पण रिबन बदलत राहिलं तर वर्षानुवर्षं चालतो आणि पानाचा खर्चही नगण्य.

ताई कागल तालुक्यातल्या एका गावात घरातूनच संस्थेचा हिशोब बघतात. मागच्या खोलीत कॉम्प्युटर. पुढच्या सोप्यात, जिथे सभासद बिल न्यायला येतात, तिथे जुना लॅपटॉप आणि त्याला यूएसबीने जोडलेला प्रिंटर. दोन्ही मशीन घरच्या वायफाय राउटरवर. जुना कॉम्प्युटर मदरबोर्ड जाऊन बंद पडला म्हणून तालुक्याच्या दुकानातून नवीन घेतला, त्याला अर्थातच पॅरलल पोर्ट, म्हणजे जुने प्रिंटर जोडायची रुंद खाच, नाही, हल्ली सहसा नसतोच. दुकानवाल्याने बिलाचा प्रोग्रॅम बसवून दिला, लॅपटॉपवरचा प्रिंटर शेअर करून दिला, नेट यूज या कमांडने एलपीटी१, म्हणजे विंडोजमधलं त्या पॅरलल पोर्टचं नाव, त्या शेअरला बांधून दिला, इथपर्यंत सगळं बरोबर. प्रोग्रॅम मूळचा विंडोजच्या आधीच्या डॉसचा, पण कुणीतरी नंतर तो ३२ बिटमध्ये पुन्हा बांधलाय म्हणून वाचला, कारण १६ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर उघडतसुद्धा नाही. तो बिलांची एक साधी टेक्स्ट फाईल तयार करतो आणि बॅच फाईल, म्हणजे ओळीने कमांड लिहून ठेवलेली फाईल, ती कॉपी कमांडने एलपीटी१ ला ढकलते. बास, एवढीच यंत्रणा.

आणि बिल येत नव्हतं. स्क्रीनवर "बिल प्रिंटला पाठवले" असं यायचं आणि पुढे प्रिंटर थंड. दुकानवाल्याने नोटपॅडमधून एक पान काढून दाखवलं, ते आलं, म्हणून त्याचा निकाल असा की प्रिंटर चांगला, नेटवर्क चांगलं, तुमचा प्रोग्रॅम जुना झालाय. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं प्रिंटरच गेला. तिसऱ्याने राउटर बदलायला लावला होता, तो खरंच बदललेला होता, पैसे गेले ते गेले.

मला फोन आला वीस तारखेला संध्याकाळी, म्हणजे सकाळी बिलं वाटायची. फोनवर ताई एक वाक्य बोलल्या ते तसंच्या तसं लिहितो: "दादा, पुतण्यानं काळ्या विंडोत टाईप केलं की येतंय, मी आयकॉनवरून दिलं की येत नाही." मी विचारलं हे दुकानवाल्याला सांगितलं होतं का. म्हणाल्या, सांगितलं की, तो म्हणाला असं होत नसतंय.

असं होतं. अगदी असंच होतं. आणि त्या एका वाक्यात निम्मं निदान झालेलं होतं, एकाच मशीनवर, एकाच युजरवर, एकाच कमांडला दोन वेगळी उत्तरं येतात म्हणजे केबल, राउटर, प्रिंटर, ड्रायव्हर हे सगळे निर्दोष. मला राग याचा येतो की गिऱ्हाईक बाई आहे, खेड्यातली आहे, म्हणून तिचं निरीक्षण कुणी ऐकूनच घेतलं नाही. ताई रोज फॅट आणि डिग्रीचे आकडे बघतात, एका लिटरला किती फरक पडला ते तोंडी सांगतात, त्यांना बघायची सवय आमच्यापेक्षा जास्त.

तरी गेल्यावर मी पहिल्यापासूनच बघितलं. आधी नोटपॅडचं पान, तेही कान देऊन. डॉट मॅट्रिक्सचं हे मला फार आवडतं, तो काय खातोय ते आवाजावरून कळतं. विंडोजच्या ड्रायव्हरमधून आलेलं पान तो चित्र समजून काढतो, हेड एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा फिरतं, आवाज चिवट आणि संथ. कमांडवरून आलेला मजकूर तो स्वतःच्या अक्षरात काढतो, हेड एका झटक्यात ओळ संपवतं, टर्र, पुढची ओळ, टर्र. म्हणजे नोटपॅडचं पान आलं यावरून बिलाच्या रस्त्याबद्दल फार थोडं सिद्ध होतं, दोन्ही रस्ते वेगळे. दुकानवाला इथेच फसला.

मग काळी विंडो, म्हणजे कमांड टाईप करायची विंडो, उघडली, एक ओळ एलपीटी१ ला पाठवली. टर्र. आली. नुसतं नेट यूज मारलं, यादीत एलपीटी१, समोर लॅपटॉपच्या शेअरचं नाव, स्टेटस ओके. मग ताईंना म्हटलं तुम्ही नेहमी करता तसं आयकॉनवरून करा. त्यांनी डबल क्लिक केलं, विंडोजने परवानगी विचारली, त्यांनी सवयीने यस दाबलं, काळी विंडो उघडली आणि तिच्या वरच्या पट्टीवर पहिलाच शब्द होता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मी उघडलेल्या विंडोवर तो शब्द नव्हता.

तिथेच कळलं. मुद्दाम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवाली दुसरी विंडो उघडून तिच्यात नेट यूज मारलं, उत्तर आलं की यादीत काहीही नाही. ताईंनी दोन्ही विंडो शेजारी शेजारी बघितल्या, एकीत एलपीटी१ आहे आणि दुसरीत नाही.

कारण असं आहे. व्हिस्टा आलं तेव्हापासून, म्हणजे २००७ पासून, अ‍ॅडमिन युजर लॉगिन झाला की विंडोज त्याची दोन सत्रं करतं, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. नाव एकच, पासवर्ड एकच, पण साध्या सत्रात नेट यूजने बांधलेला ड्राईव्ह किंवा पोर्ट दुसऱ्या सत्राला दिसत नाही. म्हणजे अधिकार जास्त आणि प्रिंटर मात्र गायब. दुकानवाल्याने एलपीटी१ साध्या सत्रात बांधला आणि आयकॉनला रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची टिक मारून ठेवली, झालं.

पण मग एरर का दिसली नाही? पोर्टच नाही तर कॉपीने ओरडायला पाहिजे होतं. बॅच फाईल उघडली तर कॉपीच्या ओळीच्या शेवटी उत्तर आणि चूक दोन्ही नलमध्ये ओतलेली, म्हणजे स्क्रीनवर न दाखवता फेकून दिलेली, आणि खालच्याच ओळीत "बिल प्रिंटला पाठवले". काहीही होवो, तीच ओळ छापायची. मी नल काढून टाकलं आणि पुन्हा आयकॉनवरून चालवलं, लगेच समोर आलं, सिस्टीमला फाईल सापडत नाही, शून्य फाईल कॉपी झाल्या. हे वाक्य पहिल्या दिवशी दिसलं असतं तर राउटरचे पैसे वाचले असते. ज्याने लिहिलं त्याला गिऱ्हाईकासमोर इंग्रजी एरर येऊ द्यायची नसेल, पण मशीनचं तोंड दाबून वर मराठीत खोटं बोलायला लावणं याला माझ्याकडे माफी नाही. ताई इतके दिवस समजत होत्या की आपलंच बटण चुकतंय.

टिक का मारली होती तेही सापडलं. बिलाचा प्रोग्रॅम विंडोजच्या "प्रोग्रॅम फाईल्स" या फोल्डरात बसवलेला, तिथे साध्या अधिकारात लिहिता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम अडला आणि टिक मारल्यावर चालला. मी डेटाचा बॅकअप घेतला, सगळं फोल्डर डी ड्राईव्हवर नेलं, टिक काढली. बॅच फाईलमध्ये कॉपीला स्लॅश बी लावला, नाहीतर फाईलमध्ये चुकून २६ नंबरचा बाईट आला की कॉपी तिथेच फाईल संपली समजते आणि उरलेली बिलं जातच नाहीत. बिलाच्या सुरुवातीला प्रिंटरचे कोड टाकले, २७ आणि ६४, म्हणजे प्रिंटर रिसेट, त्यानंतर १५, म्हणजे बारीक अक्षर, कारण बिलाचे कॉलम ओळीच्या ऐंशी अक्षरांत मावत नाहीत. कॉपी फसली तर मोठ्या मराठी अक्षरात "बिल गेले नाही" आणि खाली मूळ एरर, दोन्ही राहू दिले. लॅपटॉपचं स्लीप बंद केलं. एलपीटी१ दर वेळी बॅचमध्येच सोडून पुन्हा बांधायचा, कारण लाईट गेली-आली की मागची मशीन आधी चालू होते आणि पुढची नंतर, मग कायमचं बांधलेलंही लटकतं.

आयकॉनवरून पहिलं बिल सुटलं तेव्हा टर्र टर्र ऐकून ताईंच्या सासूबाई सोप्यातून "आलं गं" म्हणून ओरडल्या. दोनशेच्या वर सभासदांची बिलं, मध्ये एकदा कागद तिरका झाला तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानवाल्याला फोन केला, भांडायला नाही, सांगायला. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "दादा, अ‍ॅडमिन केलं नाही तर रोज फोन येतो, हे उघडत नाही, ते सेव्ह होत नाही. टिक मारली की गप्प होतात." खोटं नाही त्याचं. एकटा माणूस, किती गावं बघणार, त्याला जे चाललं ते त्याने केलं, हे मलाही पटतं आणि तरी पटत नाही. मग बोलता बोलता म्हणाला की हाच प्रोग्रॅम त्याने आणखी बऱ्याच संस्थांना बसवलाय, तशीच टिक, तीच बॅच फाईल. जिथे प्रिंटर नेटवर्कवर शेअर असेल तिथे हे कधीही होणार. नंबर पाठवतो म्हणालाय, अजून आलेले नाहीत. पुढच्या बिलाच्या आत आले तर एकेका सचिवाला फोन करून आयकॉनवर राईट क्लिक करायला लावणार आहे.