पदर लागला तरी दुखतं

गुरुवारी आमच्याकडे आठवडी बाजार. त्या दिवशी दवाखान्यात गुडघ्यांची आणि कमरांची रांग लागते. सगळ्यांना शेक हवा असतो, 'करंट' हवा असतो. व्यायामाचं नाव काढलं की चेहरे पडतात. त्या गर्दीत एक मावशी बाक रिकामा असूनही कोपऱ्यात उभ्या होत्या. डावी बाजू भिंतीकडे, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

हातातल्या चिठ्ठीवर एवढंच: 'टेन्स, १० दिवस'. टेन्स म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून दुखण्यासाठी द्यायचा सौम्य करंट. निदान नाही, कुठे लावायचं तेही नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणजे बटण दाबणारं माणूस, हा काही डॉक्टरांचा समज अजून जात नाही. आणि मीही त्या दिवशी तेच केलं. रांग मोठी होती, मावशींनी "इथं" म्हणून हात फिरवला, मी तिथेच पॅड चिकटवले. बटण पुरतं फिरवलंही नव्हतं, तोच त्या किंचाळल्या.

सून म्हणाली, "बघा मॅडम, असंच करतात. नागीण जाऊन चार महिने झाले. पदर लागला तरी ओरडतात, आणि रात्री तिथंच फडकं करकचून बांधून झोपतात. तेव्हा नाही वाटतं दुखत?"

सुनेच्या त्या टोमण्यातच निदान होतं.

पडद्यामागे नेऊन नीट तपासलं. डाव्या छातीवरून पाठीपर्यंत फिकट डागांचा पट्टा, वर जुन्या लुगड्याची घडी आवळलेली. कापसाची वात उजवीकडे फिरवली, मावशींना काहीच त्रास नाही. डावीकडे फिरवली आणि त्यांचा खांदा उडाला. मग मधुमेह्यांच्या पायांची संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू घेतला. तो 10 ग्रॅमच्या जोराला वाकतो, त्यामुळे तपासणाऱ्याचा हात जड की हलका हा वादच राहत नाही. तो टेकवला, चाललं. तोच कातडीवरून ओढला, डोळ्यांत पाणी. शेवटी तळवा ठेवून हळूहळू दाबला. मावशी म्हणाल्या, "असंच धरा."

मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडलेलं मज्जारज्जूतलं वेदनेचं 'दार' मी इतकी वर्षं पेशंटना समजावते. नसांमधले स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला 35 ते 75 मीटर वेगाने निरोप नेतात, ठणक आणणारे बारीक सी-तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर. जाड तंतूंची वर्दळ वाढली की मज्जारज्जूत ठणकेची वाट अडते. बोट दारात सापडलं की आपण चोळतो ते त्यासाठीच. मावशींच्या बाबतीत हे सगळं उलटं झालं होतं. विषाणूने नस दुखावली, बारीक तंतू महिनोन्महिने पेटते राहिले आणि मज्जारज्जूतल्या पेशींचा उंबरठा इतका खाली आला, की पदराचा साधा निरोपही तिथे वेदना म्हणूनच पोचतो. घट्ट बांधलेलं फडकं मात्र हलत नाही, आणि न हलणाऱ्या कापडाबद्दल यातले बरेच जाड तंतू थोड्या वेळाने गप्प बसतात. मावशींनी हे स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं, आणि घरात त्याला नाटक म्हणत होते.

सुनेला बोलावून तिच्यासमोर पुन्हा वात फिरवली. ती काही बोलली नाही. नंतर सासूची पिशवी मात्र तिने उचलली.

पॅड आता पट्ट्याच्या वर, निरोगी कातडीवर लावले. 100 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर ठोके, नुसत्या मुंग्या येतील इतकंच. वीस मिनिटांनी वात फिरवली तर खांदा जागेवर होता. "कमी आहे," मावशी म्हणाल्या. हा आराम घरी पोचेपर्यंत टिकला तरी पुष्कळ, हे मला माहीत होतं. नसेच्या दुखण्याच्या गोळ्यांचा विचार व्हावा, असं डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून पाठवलं. उत्तर आलेलं नाही.

घरी करायला रेशमाचा तुकडा दिला. दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं फिरवायचा, मग सुती, मग टॉवेल. स्पर्शाची सवय परत लावायची तर ते फडकंही हळूहळू सुटायला हवं. पण त्याच फडक्यावर मावशींना चार तास झोप लागते.

या गुरुवारी मावशी येतील. फडकं सोडा म्हणून अजून सांगितलेलं नाही.