बोर्दोच्या दोन काठांची वाईन

फ्रान्समधल्या बोर्दोला राहायला आल्यावर पहिले काही महिने मी दुकानातल्या लाल वाईनच्या बाटल्यांवर द्राक्षाच्या जातीचे नाव शोधत असे. तिथे ठळक लिहिलेले असे ते गावाचे किंवा परिसराचे नाव, कारण इथली लाल वाईन सहसा एकाच जातीची नसते. मेर्लो, कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि कॅबर्ने फ्रां यांचा रस वेगवेगळा आंबवतात आणि मग त्यांचा मेळ घालतात. या कामाला इथे 'आसांब्लाज' म्हणतात.

मूळ कारण हवामानाचे आहे. अटलांटिक महासागर जवळ असल्याने पावसाचा भरवसा नसतो. मेर्लोला कोंब लवकर फुटतात, म्हणून २०१७च्या एप्रिलअखेरीस पडला तसा थंडीचा कडाका पडला की ते करपतात. कॅबर्ने सॉव्हिन्यों उशिरा पिकते, म्हणून तिला शरदातल्या पावसाचे भय. ज्वारीत तुरीचे पाटे घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. त्यात जमिनीचीही भर पडते: जिरोंद नदीमुखाच्या डाव्या काठावर, मेदोकमध्ये, गोटेमिश्रित रेताड जमीन पाणी निचरून टाकते आणि ऊब धरून ठेवते, म्हणून तिथे कॅबर्नेचा वरचष्मा, दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठावर, सेंतेमिलियों आणि पोमरोलच्या थंड चिकणमातीत, मेर्लोचा.

एका हिवाळ्यात एका तळघरात मला हे सुटे रस चाखायला मिळाले. मेर्लो मऊ होती, पिकल्या आलुबुखाऱ्यासारखी, पण घोट गिळताच चव विरून गेली. कॅबर्नेने हिरड्या आवळल्या, जणू कच्ची सुपारी चघळली. मग तिथल्या बाईंनी मोजपात्रात दोन्ही ओतून पेला पुढे केला, आणि तीच तुरट चव आता मेर्लोला आधार देत होती.

जेवणाशी जोडी जमवताना हा तुरटपणाच ध्यानात ठेवावा, असे माझे मत झाले आहे. कोऱ्या चहात दूध घातले की त्याचा तुरटपणा मावळतो, कारण दुधातली प्रथिने तो बांधून घेतात. मांसाबरोबर वाईनचेही बरेचसे तसेच होते. म्हणूनच मेदोकमधल्या पोयाक गावच्या वाईनबरोबर तिथल्याच कोवळ्या कोकराची लसूण लावून भाजलेली मांडी इतकी शोभते. उजव्या काठाची मऊ वाईन मी बदकाबरोबर किंवा आळंब्यांबरोबर घेते.

तिखटाशी मात्र तिचे जमत नाही. घरी केलेल्या तांबड्या रश्श्याबरोबर मी मेदोकची बाटली उघडली, तेव्हा मिरचीची आग दुप्पट झाली आणि वाईन नुसती कडू लागली. नारळाच्या दुधातल्या सौम्य मटणाबरोबर मेर्लो अधिक असलेली वाईन चांगली लागते. तुम्ही तिकडे ती उघडाल तेव्हा आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवा. ती १६ ते १८ अंशांवर प्यायची असते, आणि आपल्या घरातल्या तिशीच्या उष्म्यात तिच्यातले मद्यच तेवढे नाकात शिरते.